चौदा मीटरचा रस्ता, ऐंशी पायऱ्या

आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम जोमाचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी एका पायावर तयार आहे. फूटपाथवर तेवढीच जागा असते.

नकाशात फूटपाथ चांगला दोन मीटरचा. त्यातून झाड, विजेची पेटी, जाहिरातीचा खांब आणि एक तिरकी दुचाकी वजा केली की साठ सेंटिमीटर उरतात. दोन चाकखुर्च्या समोरासमोर जायला १.८ मीटर मोकळी जागा लागते, तीही सलग. आमच्या वाट्याला येते ती हप्त्याहप्त्याने.

त्यात दर फाटकापाशी फूटपाथ दीडशे मिलिमीटर खाली उतरतो आणि लगेच पुन्हा चढतो. का? तर आत वळणाऱ्या गाडीला धक्का बसू नये. गुडघ्यांचं काय, ते तर सरकारी नाहीत! खरं तर फूटपाथ सपाट ठेवून गाडीला छोट्या उतारावरून वर चढवायचं असतं. तिचा वेग मग न सांगता कमी होतो.

कोपऱ्यावरही हाच लाड. वळणाची त्रिज्या बारा मीटर ठेवली की गाडी ब्रेकला पाय न लावता वळते आणि पायी ओलांडायचं अंतर वाढतं, ते वेगळंच. चार-पाच मीटरवर आणली की चालकाला अचानक माणसं दिसू लागतात.

सिग्नलचा हिशोब सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाचा. चौदा मीटरला बारा सेकंद. ०.८च्या वेगाने चालणाऱ्या आजींना साडेसतरा लागतात. उरलेल्या साडेपाच सेकंदांत आजींनी काय करायचं, हे आराखड्यात नसतं. मधोमध दोन मीटरचा थांबा दिला तरी पुष्कळ झालं.

यावर रामबाण उपाय म्हणून येतो पादचारी पूल. सहा मीटर उंची, दीडशे मिलिमीटरची पायरी: चाळीस वर, चाळीस खाली. पायऱ्या नकोत तर १:१२ चा उतार, म्हणजे एका बाजूला ७२ मीटर, शिवाय मधले विसावे. चौदा मीटर ओलांडायला दीडशे मीटरची यात्रा! लोक अर्थातच खालून पळतात. मग दुभाजकावर जाळी बसते. थोड्याच दिवसांत जाळीला भोक पडतं, बरोबर बसथांब्यासमोर. कुठलंही सर्वेक्षण न करता क्रॉसिंगची अचूक जागा सापडलेली असते. तिथे उंचवटा करून पट्टे ओढायचे सोडून कुणीतरी ते भोक शिवायला तार घेऊन येतं.