टाकी आणली ना? मग आता आपल्याकडचे नियम ऐका

गॅसच्या टाकीचे नियम सरकारनं आणि कंपन्यांनी भरमसाट काढून ठेवलेत, पण ते एसीत बसून लिहिलेले, आपल्या परभणी-बीड-लातूरकडं कसे लागू होणार? म्हणून म्हटलं इकडं प्रत्यक्षात जे चालतात तेच एकदा लिहून काढावेत, नवीन कनेक्शन घेतलेल्यांच्या कामाला येतील.

आधी टाकी आणायची कशी ते बघा. गॅस सिलिंडर नियम २०१६ म्हणतात की भरलेली टाकी सायकलवर नाहीतर मोटारसायकलवर न्यायची नाही. आता गाडी येणार फाट्यापर्यंत, दोन हॉर्न वाजवणार आणि जाणार, मग टाकी काय पायानं चालत येणार का घरी? तर ती गाडीवर आडवी घालायची, मागं पोराला बसवायचं आणि मिठी मारून धर म्हणायचं. टाकी उभीच ठेवा असं म्हणतात पण उभी ठेवली तर पोरगं कुठं बसणार हे कोणी सांगत नाही. गाडी नसंल तर काळी-पिवळी आहेच, टाकी मधल्या सीटखाली, तिच्यावर पाय ठेवून चार बायका, आणि पुढं ड्रायव्हरची बिडी चालूच असते, त्याला काही बोलू नका, तो नाराज झाला तर मधीच उतरवून देतो.

घरपोच देणारा आला तर त्याला वजन करून दाखव म्हणू नका, बरं दिसत नाही. टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेलीचं वजन, एवढं सोपं गणित आहे, पण त्याच्याजवळचा काटा फक्त साहेब आल्यावर बाहेर निघतो. त्याच पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, म्हणजे त्या टाकीची तपासणी कधीपर्यंत करायची ती तारीख. ही तारीख वाचायची नाही. वाचली की उलटून गेलेली निघते, मग उगंच रात्रभर झोप लागत नाही.

दोरीला बांधलेली ती पांढरी टोपी असते ना, ती लगेच पोरांना खेळायला द्यावी. खरं तर वायसर खराब निघाला आणि व्हॉल्व्हमधून गॅस यायला लागला तर तीच टोपी वरून दाबून बसवायची असते, पण आमच्या गल्लीत ती भोवऱ्याच्या जाळीला जास्त उपयोगी पडते.

आता ठेवायची कुठं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खड्डा दिसला की त्यात जाऊन बसतो. म्हणून खालच्या पातळीवर, तळघरात टाकी ठेवू नये म्हणतात. पण आपल्याकडं ज्याच्या वाड्यात जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा आहे त्याला विचारा, पेवाच्या तोंडाशी टाकी मस्त मावते, जागा वाया जात नाही. आणि काळजी कशाची, माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला सवणं, म्हणजे उजेडाचं भोक आहे की, जाईल गॅस वरून! (जात नाही, पण सवणं बघून मनाला बरं वाटतं.) शेजारीच देवघर, खाली जमिनीवर समई. सगळं एका हाताच्या अंतरावर, बाईमाणसाला किती सोयीचं.

नळी तर बदलायचीच नाही. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला म्हणतात, आमच्याकडं उज्ज्वला २०१६ साली आली तेव्हाची नळी अजून टकाटक आहे, वरून तेलाचा थर बसलाय तो तिला संरक्षणच देतो. फाटली तर हार्डवेअरमधून हिरवी पाण्याची नळी मीटरवर मिळते, तोंडाला तार पिळली की झालं.

गळती तपासायला साबणाचा फेस लावा म्हणतात, फुगे आले तर गळती. कोण फेस करत बसतो? आमच्याकडच्या अनुभवी काकांची पद्धत एका सेकंदाची, काडी ओढायची आणि नळीवरून फिरवायची, पेटलं तर लीक, नाही पेटलं तर ओके. रिझल्ट अगदी हातोहात मिळतो.

लग्नसराईत मात्र आचाऱ्याकडून शिकावं. परवानगीशिवाय १०० किलोच्या वर गॅस साठवता येत नाही, म्हणजे १४.२ च्या सात टाक्या झाल्या ९९.४ किलो, आठवीला गडबड. मग आठवी नवरदेवाच्या मामाच्या नावानं पलीकडच्या खोलीत. मोठं भगुणं चढवलं की टाकीला घाम येतो, मग बर्फ धरतो आणि ज्योत बसते, कारण आतलं द्रव वाफ होताना थंड पडतं. अशा वेळी टाकी गरम पाण्याच्या परातीत उभी करायची, तरी भागलं नाही तर आडवी पाडायची. आडवी पाडली की गॅसच्या जागी द्रवच नळीत येतं आणि एक लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर गॅस होतो, ज्योत अशी उठते की वऱ्हाड्यांना वाटतं फटाकेच लावले. वरती कापडाचा मंडप असतोच.

लातूरला शिकायला गेलेल्या पोरांसाठी वेगळा नियम. खोलीत छोटी लोकल टाकी आणायची, आयएसआयचा शिक्का शोधत बसायचं नाही, गल्लीतल्या दुकानात किलोवर भरून मिळते. दुकानदार दिलदार असतो, तोंडापर्यंत भरून देतो. वर मोकळी जागा सोडावी लागते, उन्हानं द्रव फुगतं, असलं काही त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि नीटची तयारी करणारी पोरं ते पुस्तकात वाचून सोडून देतात. मग मे महिन्यात पत्र्याची खोली, बाहेर ४३ डिग्री, आत पुस्तकं, गादी आणि काठोकाठ टाकी.

घरगुती टाकीतला गॅस मोटार लावून ऑटोत भरणारे पण असतात, पत्र्याच्या शेडमधी, रात्री. ते बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत असतं, शेड कुठंय ते पण. तिकडून जाताना सिगारेट पेटवायची असंल तर थोडं पुढं जाऊन पेटवावी, एवढीच अपेक्षा.

राहिला वासाचा प्रश्न. गॅसला मुळात वासच नसतो, गळाला तर कळावं म्हणून मरकॅप्टन मिसळतात, सडलेल्या कोबीसारखा वास येतो. तो आला की आधी उंदीर मेला का बघायचं, मग सासूबाईंना विचारायचं, मग अंधारात काय दिसणार म्हणून लाईट लावायची आणि वास जावा म्हणून पंखा. बटनं चालू-बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, १९०६ ला फोन लावा, हे सगळं गॅसच्या पुस्तकात छापलंय म्हणे. पुस्तक आमच्याकडं पण आहे, रेशन कार्डासोबत पत्र्याच्या पेटीत अगदी जपून ठेवलंय, आणि पेटी सरकवायला जड म्हणून टाकीच्या मागं लावलीय.