बाटलीतलं पोतं आणि फुकटातला तिसरा नंबर

मंगळवारी रात्री निफाडहून मामांचा फोन आला. गव्हाला एकवीस दिवस होत आलेत, पहिलं पाणी तोंडावर आलंय, आणि त्यासोबत द्यायचा युरिया या वर्षी आणायचाच नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय. "आता पोती कोण वाहतंय? बाटलीत येतंय सगळं. ग्रुपवर आलंय, तुझ्याच विषयातलं आहे, वाच."

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे असले मेसेज माझ्याकडे शिक्कामोर्तबासाठी येतात आणि मी ते बहुतेक वेळा न वाचता पुसून टाकतो. हा पुसता आला नाही, कारण यात मामांचा दोन एकर गहू अडकलाय.

मेसेज पाच मुद्द्यांचा, प्रत्येकापुढे तिरंगा. अमेरिकेने नॅनो तंत्रज्ञानावर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्रावर, अब्जावधी डॉलर उधळले, हाती काही लागलं नाही. भारताने जवळपास फुकटात जगात तिसरा नंबर काढला. नॅनो ही मुळात आपलीच विद्या. आयुर्वेदातली भस्मं आणि जुनं पोलाद साक्षीला आहेत. जगातला पहिला नॅनो युरिया आपला, त्याची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे ४५ किलोचं पोतं. आणि सबब, विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देणं बंद करा.

आधी बाटलीचं बघू, कारण पाणी थांबणार नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. इफ्को या सहकारी खतसंस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या नॅनो युरियात नत्र होतं ४ टक्के. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. हजारपटीचा फरक. यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, पाचवीचं गणित पुरतं. पुढे २० टक्क्यांची बाटली आली, तिच्यात १०० ग्रॅम धरा. तरी दोनशेपट कमीच. शिवाय ४ टक्क्यांतच अख्खं पोतं मावत होतं, तर २० टक्के करायची गरज का पडली, हे त्या मेसेजवाल्याने सांगावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जमिनीत टाकलेला युरिया निम्मा वाया जातो, पानावर फवारलेला थेट पिकात जातो. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जमिनीतला बराच युरिया हवेत उडतो, पाण्याबरोबर खाली जातो. पण बाटलीतला शंभर टक्के पिकात गेला असं धरलं तरी तो वीस ग्रॅमच. आणि एक किलो गव्हाच्या दाण्यात साधारण तेवढंच नत्र असतं. म्हणजे पूर्ण बाटलीच्या नत्रातून फार तर एक किलो गहू. मामांच्या घरात तो एका जेवणाला जातो.

बरं, फवारणीच करायची तर ती आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दहा लिटरच्या पंपात २०० ग्रॅम साधा युरिया विरघळवायचा. त्यात ९२ ग्रॅम नत्र होतं, म्हणजे त्या जुन्या बाटलीच्या साडेचारपट. खर्च सव्वा रुपयाच्या आसपास, कारण ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. बाटली सव्वादोनशेची.

आता कोणी म्हणेल, कागदावरचं गणित वेगळं आणि शेत वेगळं. तर लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने हे शेतात करून पाहिलं. दोन वर्षं, भात आणि गहू. शिफारशीतलं नत्र निम्म्यावर आणलं आणि नॅनो युरियाच्या दोन फवारण्या दिल्या. पूर्ण नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेत भाताचं उत्पादन सुमारे १३ टक्के घटलं, गव्हाचं २१.६ टक्के. मामांचा गहू एकरी पंधरा क्विंटल धरला तर दोन एकरांत सहा क्विंटलच्या वर गेला. नाशिकची माती पंजाबपेक्षा वेगळी, मान्य. पण वीस ग्रॅमचे वीस किलो कोणत्याच मातीत होत नाहीत.

'जगातला पहिला' हा बहुमान मात्र खरा असेल. दुसरा व्हायला कोणी धावत आलेलं दिसत नाही, एवढंच.

आता फुकटातला तिसरा नंबर. नॅनोवरच्या शोधनिबंधांच्या संख्येत आपण चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग आहोत हे खरं आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तो नंबर फुकट आला हे धादांत खोटं. २००१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ६० कोटींचा पहिला कार्यक्रम सुरू केला. मग २००७ मध्ये 'नॅनो मिशन' आलं, पाच वर्षांसाठी १००० कोटी, रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पीएचडीच्या जागा निघाल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला सरकारी पैशातूनच आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत (भारतीय विज्ञान संस्थेत) केंद्रं झाली आणि बाहेरच्या कॉलेजांतल्या पोरांना तिथली यंत्रं वापरता येऊ लागली. निबंधांचं पीक यानंतरचं आहे. खत घातलं म्हणून आलेलं पीक दाखवून खत बंद करा म्हणणारा हा मेसेज आहे.

आणि पैसा किती? २००७ मध्ये अमेरिकेचं सरकार नॅनोवर वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर घालत होतं. तेव्हाच्या दराने आपले १००० कोटी म्हणजे २५ कोटी डॉलरच्या आतबाहेर. आपली पाच वर्षं त्यांच्या दोन महिन्यांत संपतात. पुढचा टप्पा बाराव्या पंचवार्षिक योजनेचा. ती योजना एप्रिल २०१२ ला सुरू झाली, मंत्रिमंडळाची मंजुरी आली फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि रक्कम ६५० कोटी. एक हजारावरून साडेसहाशे. स्पर्धेत पुढे जाणारा देश असा खर्च कापतो का? चीनने शोधनिबंध आणि पेटंट दोन्हींत पहिला नंबर काढला तो दशकभर सातत्याने पैसा ओतून, दोन वर्षं फायलीत अडकवून नाही.

अमेरिकेच्या हाती काही लागलं नाही म्हणे. २००१ पासून त्यांनी ४० अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला, त्यातलं बरंच वायाही गेलं असणार. संशोधन असंच असतं. पण कोविडची एमआरएनए लस पेशीत शिरली ती स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांत बसून. त्या कणांचं मोठं श्रेय कॅनडातल्या संशोधकांचं, म्हणून सगळं माप अमेरिकेच्या पदरात टाकत नाही. तरी त्या लशीमागे कित्येक वर्षांचा सरकारी पैसा होता. आपल्या पुण्यातल्या जिनोव्हा कंपनीची एमआरएनए लस जून २०२२ मध्ये मंजूर झाली, तिलाही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचंच पाठबळ होतं.

भस्म आणि पोलादावर फार वेळ घालवत नाही. ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना २००६ मध्ये जुन्या दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्या, आणि असल्या तलवारींचं पोलाद भारतातून जायचं, हे खरंच आहे. लोहारांचं कसब थोर होतं. पण नळ्या आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. दिव्यावर धरलेल्या काजळीतही नॅनोकण असतात, म्हणून आमची आजी नॅनोशास्त्रज्ञ होत नाही. तिने काजळ छान केलं, बस.

(ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला, त्याच काकांनी २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप असल्याचं कळवलं होतं. जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते. २०२३ मध्ये ती नोट मागे घेतली गेली, चिपचं पुढे काय झालं ते त्यांनी कळवलेलं नाही.)

राहिला शेवटचा मुद्दा, विद्यापीठांचे पैसे बंद करा. माझी मामेबहीण एका विद्यापीठात याच विषयात पीएचडी करते. सरकारने २०२३ मध्ये शिष्यवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार केली, चांगलं केलं. पण ती महिन्याच्या महिन्याला येत नाही. मध्ये पाच महिने आली नाही, तेव्हा खोलीचं भाडं मामांनी गहू विकून भरलं. हो, त्याच मामांनी. लेक त्यांचीच. हे त्यांना फोनवर सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

मग म्हणाले, "बरं, आणतो पोती."

काल दुकानात जाऊन आले. युरिया आहे, पण प्रत्येक पोत्यामागे एक बाटली घ्यावी लागेल असं दुकानदार म्हणाला.