बी ठेवून काही होत नाही!

ग्वाकामोले (ठेचलेल्या ॲवोकॅडोचा मेक्सिकन पदार्थ) दिनाच्या लेखात "वाडग्यात ॲवोकॅडोची बी ठेवा, म्हणजे ते काळं पडत नाही" असं लिहिलंय, ते काही पटलं नाही. बी फक्त स्वतःच्या खालचा भाग हिरवा ठेवते, कारण तिथे हवा पोचत नाही. बाकीचं काळवंडतंच. फळ कापलं की त्यातलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हा उद्योग करतात. इथे टेक्सासमध्ये मंडळाच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) बहुतेक वेळा ग्वाकामोले माझ्याकडेच असतं. मी लिंबू सढळ हाताने पिळते आणि प्लास्टिकची फिल्म वाडग्याच्या काठांवर न ताणता थेट ग्वाकामोलेवर दाबून बसवते. जेवणं होईपर्यंत रंग छान टिकतो.

आणि लेखात सांगितलेला मिक्सर कशाला? मेक्सिकोत मोलकाहेतेमध्ये, म्हणजे दगडी खलात, आधी कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ वाटतात, मग ॲवोकॅडो जाडसर ठेचतात. पेस्ट करायची असेल तर सरळ चटणीच करा की! बाकी १६ सप्टेंबर हा जसा ग्वाकामोले दिन, तसा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिनही आहे (१८१० च्या उठावाची आठवण), त्याबद्दल लेखात एक ओळही नसावी?