दवाखाना कोणाच्या मताने चालतो?

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. आईच्या साखरेच्या गोळ्या घराजवळच्या दवाखान्यात पुन्हा संपल्या होत्या. "ताई, डॉक्टरही नवीन आहेत. आधीचे कागद उघडूनसुद्धा बघितले नाहीत," तो म्हणाला. तक्रार कोणाकडे करायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. बॉस्टनमध्ये बसून मलाही सांगता येईना.

मुंबईत सध्या वाद कशावर? पालिकेचे 'आपला दवाखाना' किती उघडले, किती बंद पडले, श्रेय कोणाचं. नोव्हेंबर 2022 मध्ये ही योजना आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. 147 तपासण्या मोफत, आणि दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा. घरकाम करणाऱ्या बाईला खाडा न करता डॉक्टरकडे जाता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण दवाखाना मोजून झाला की तो चालवणार कोणाच्या मताने, हे कोणीच विचारत नाही.

मी राहते त्या शहरात 1965 मध्ये जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत आरोग्य केंद्र काढलं. पुढे मिसिसिपीत त्यांनी दुसरं काढलं, तिथे कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर औषधासारखं दूध-भाजी लिहून दिली जाई आणि पैसे औषधांच्या खात्यातून जात. आज अमेरिकेत अशा सुमारे 1,400 संस्था 3 कोटींहून जास्त लोकांवर उपचार करतात, फी ऐपतीप्रमाणे. आणि कायदा असा, की संचालक मंडळात निम्म्याहून जास्त माणसं त्याच केंद्राचे रुग्ण हवेत. बजेट, वेळा, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक, सगळं त्यांच्या हातात.

अशा एका बैठकीला मी जाऊन बसले होते. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, शनिवारी बारालाच दार का लावता? अधिकारी म्हणाले, पैसे नाहीत. बाईंनी समोरचा खर्चाचा तक्ता ओढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे पुढच्या वर्षी करा. मतदान झालं. दोन महिन्यांनी शनिवारी दार चारपर्यंत उघडं राहू लागलं.

इथलं सगळं चांगलं, असं मुळीच नाही. 2017 च्या सप्टेंबरअखेर या केंद्रांच्या मुख्य निधीची मुदत संपली आणि नव्याने मंजुरी मिळायला फेब्रुवारी उजाडला. तेवढे महिने लोकांच्या नोकऱ्या टांगणीला. आणि मोठ्या आजारात इथे आधी विमा विचारतात. केईएमच्या दारात तो कोणी विचारत नाही, याचं मोल मला इथे येऊन कळलं.

आपल्याकडे रुग्ण कल्याण समित्या आहेत, वस्त्यांसाठी महिला आरोग्य समित्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात तर 2007 पासून लोकाधारित देखरेख झाली, म्हणजे सरकारी दवाखान्यावर गावानेच लक्ष ठेवलं; जनसंवादाच्या जाहीर सभांत बायकांनी डॉक्टरांना समोरासमोर जाब विचारला. आपल्याला हे नवीन नाही. पण दवाखान्याचं सगळं बजेट ठरवायचा हक्क यातल्या कोणालाच नाही. त्यात मार्च 2022 पासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ पालिकेत नगरसेवकच नव्हते. कंत्राटी डॉक्टर आणि मानधनावरच्या आरोग्य सेविका यांच्या जिवावर दवाखाना टिकत नाही, हे आधी ओरडून कोणी सांगायचं? 2017 च्या राष्ट्रीय धोरणात 2025 पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या 2.5 टक्के, आणि त्यातले दोन तृतीयांश प्राथमिक सेवेवर, असं लिहिलंय. तिथवर आपण पोचलो नाही.

मोजमापाचंही तेच. इथे प्रत्येक केंद्राला दरवर्षी सरकारला कळवावं लागतं, की मधुमेहाच्या किती रुग्णांची साखर आटोक्याबाहेर आहे. आपल्याकडे आकडा छापून येतो तो किती लाखांनी लाभ घेतला याचा. माझी आई त्या लाभार्थ्यांत मोजली गेली असणारच. गोळ्या न मिळाल्याने तिची साखर किती चढली, हे कोणत्या रकान्यात लिहिलं?

मी तिला विचारलं, तुला दवाखान्याच्या समितीत घेतलं तर काय मागशील? तिने क्षणभरही विचार केला नाही. "गोळ्या पंधरा दिवसांच्या नको, महिन्याच्या द्या. आणि डॉक्टर बदलणार असेल तर आधी सांगा, मी माझे कागद घेऊन येईन."