आतडी चिकटतात, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता आईला रिक्षात घालून भांडुपहून हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळपासून पोटात कळ यायची, जरा थांबायची, परत यायची. आम्ही ओवा दिला, बेंबीला हिंग लावला, गॅस धरलाय म्हणत बसलो. हिरवी उलटी झाली तेव्हा मात्र घाबरलो.

तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधीच विचारलं, "आजींचं पोटाचं ऑपरेशन कधी झालंय का?" झालं होतं. गर्भपिशवी काढली होती, एकोणीस वर्षांपूर्वी! त्याचा आजच्या कळेशी काय संबंध, हे आम्हाला कळेना.

संबंध होता. आतड्यांवर एक ओला, गुळगुळीत पडदा असतो. ऑपरेशनमध्ये तो दुखावला, कोरडा पडला, आत रक्त राहिलं, की तिथे फायब्रिन नावाचा चिकट थर धरतो. तो थोड्या दिवसांत विरघळला तर ठीक. नाहीतर त्याचे पक्के दोर होतात आणि आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. वाळत घातलेल्या ओल्या कुरडया एकमेकींना चिकटतात ना, तशा. सोडवायला जावं तर तुटतात. चिकटलेली आतडी ऑपरेशन करून सोडवली तरी पुन्हा चिकटू शकतात, ते यामुळेच. चिकटलेलं आतडं कुठे मुरडलं की त्यातली वाट अडते; आईची कळ आणि उलटी त्यामुळेच होती. बरं, हे चिकटणं सोनोग्राफीत सहसा दिसतही नाही.

आईच्या नाकातून नळी घातली, पाणीसुद्धा बंद. नळीला लावलेल्या पिशवीत हिरवं पाणी साचत राहायचं आणि सिस्टर दर राऊंडला विचारायच्या, "वारा सरला का?" चौथ्या दिवशी पहाटे आई लाजत म्हणाली, "सरला गं." मी तिचा हात धरून रडले. ऑपरेशन टळलं.

भेटायला आलेल्या नातेवाइकांनी मात्र तिलाच बोल लावले. तेव्हा पट्टा बांधला नसशील, लवकर वाकली असशील. मला याचा फार राग आला. पट्ट्याने टाक्यांना आधार मिळतो, आतलं चिकटणं थांबत नाही. ऑपरेशननंतर लवकर उठून चालावं, त्याने आतडी हलायला लागतात, पायात गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पण चिकटू नये म्हणून जे करायचं, ते बरंचसं सर्जनच्या हातात असतं: जमेल तिथे दुर्बिणीतून ऑपरेशन, हलका हात, आतडी ओली ठेवणं, रक्त पुसून घेणं. हातमोज्यांची पावडरसुद्धा आत राहिली तर चिकटायला कारण होते. अमेरिकेत 2017 पासून पावडरच्या मोज्यांवर बंदी आहे. काही ऑपरेशनांत आतड्यांवर आपोआप विरघळणारा पातळ पडदा ठेवतात. तो प्रत्येकाला लागतो असं नाही, खात्रीचाही नाही, पण त्याबद्दल विचारता तरी येतं.

आणि मुळात नको असलेलं ऑपरेशन न करणं! 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या वाचल्या, तेव्हा मी फक्त पिशवीचा विचार केला होता. आता वाटतं, त्यातल्या एखादीला फडात अशी कळ आली तर तिलाही कुणीतरी ओवाच देणार.

1999 मध्ये स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास छापून आला. पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण तिघांमागे एकाला पुढच्या दहा वर्षांत अशा कारणासाठी परत भरती व्हावं लागलं, ज्याचा या चिकटण्याशी संबंध असू शकतो. मग आईच्या डिस्चार्ज कार्डावर याची एक ओळ का नव्हती? जड उचलू नका, तिखट खाऊ नका, एवढं तेवढं होतं.

पुढच्या महिन्यात वहिनीचं गाठीचं ऑपरेशन आहे. परवा तिच्यासोबत गेले आणि हे सगळं विचारलं. सर्जनबाईंनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दहा मिनिटं समजावलं. त्या चित्राखाली वहिनीने स्वतःच्या अक्षरात लिहून फाइलला लावलंय: "कळा, उलट्या, पोट फुगणं, वारा बंद. ओवा नाही, लगेच हॉस्पिटल. जुनं ऑपरेशन आधी सांगायचं."