समोशाचा अपमान

२०२५च्या जुलैत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समोशाचा अपमान झाला आणि तो अजून भरून निघालेला नाही. कुणाचाही वाढदिवस असो, कुणीतरी वडापावचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘सरकारी इशारा : हे खाल्ल्याने आनंद होतो.’ मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मग माझा मामेभाऊ हमखास लिहितो, ‘ताई, तुमच्या गोऱ्यांना सांग, आधी आपला बर्गर आवरा.’

प्रकरण मुळात एवढंच होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी खात्यांना पत्र पाठवलं, की कॅन्टीनमध्ये, बैठकीच्या खोल्यांत फलक लावा, रोजच्या खाण्यात लपलेलं तेल आणि साखर लोकांना दिसू द्या, लेटरहेड-पाकिटांवरही आरोग्याचा संदेश छापा. बातमी नागपूरच्या एम्सपासून निघाली आणि बघता बघता ‘समोसा-जिलबीवर सिगरेटसारखा इशारा’ अशी झाली. १५ जुलैला सरकारला खुलासा करावा लागला, की गाडीवाल्याच्या पदार्थांवर इशारा लावायला आम्ही सांगितलेलंच नाही. आमच्या ग्रुपवर तो खुलासा मीच टाकला होता. त्यावर एकही हसरा चेहरा उमटला नाही.

मुद्दे ठरलेले आहेत. आजोबा भजी खायचे, तरी नव्वदी गाठली. (खायचे, पाऊस लागला की. आणि घरात गोडेतेल महिन्याच्या सामानात मोजून यायचं, हे कुणाला आठवत नाही.) दुसरा मुद्दा असा, की हे सगळं पाश्चात्त्य कंपन्यांचं कारस्थान आहे, आपले पदार्थ बदनाम करून त्यांना त्यांची पाकिटं खपवायची आहेत. आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त डाचतो : ‘तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस.’

तिथे म्हणजे इंग्लंडात, साउदॅम्प्टनला. इथल्या गोऱ्यांनी बर्गर कसा आवरला, तेही सांगते. २००५मध्ये जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने शाळेतल्या जेवणाविरुद्ध टीव्हीवर रान उठवलं. सरकारने नियम कडक केले. २००६च्या सप्टेंबरात रॉदरहॅमजवळच्या रॉमार्शच्या शाळेत मुलांना नवं, सात्त्विक जेवण मिळायला लागलं, तेव्हा काही आया शाळेच्या गजांबाहेर उभ्या राहून आतल्या पोरांना बर्गर आणि चिप्स पुरवू लागल्या. आमच्या पोरांनी काय खायचं ते कुणी टीव्हीवाला सांगणार नाही, हा त्यांचा बाणा. पुढे २०१८च्या एप्रिलमध्ये गोड पेयांवर कर बसला. १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम साखर असेल तर एक दर, ८ ग्रॅमला चढा दर. कर चुकवायला बहुतेक कंपन्यांनी साखरच कमी केली. स्कॉटलंडच्या आयर्न-ब्रूने ती १०.३ ग्रॅमवरून ४.७वर आणली, तर लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे साठे करून ठेवले आणि ‘आमच्या आयर्न-ब्रूला हात लावू नका’ म्हणून सह्यांची मोहीम काढली. म्हणजे संस्कृतीचा अपमान त्यांचाही झाला होता. फरक इतकाच, की तेवढ्यावरून इथे कुणी कर मागे घेतला नाही.

आता माझ्या ऑफिसखालच्या कॉफीवाल्याकडे मफिनखाली कॅलरीचा आकडा असतो. २०२२च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये अडीचशे किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या प्रत्येक खाद्यव्यवसायाला तो लावावा लागतो. तो वाचून कुणी ढसाढसा रडलंय असं मी पाहिलं नाही. मी तो वाचते आणि बहुतेक वेळा तरी मफिन घेते. पण घेतलं ते काय आहे, हे मला माहीत असतं. डोंबिवलीला स्टेशनबाहेर उभं राहून मी जे खात मोठी झाले, त्यात काय आहे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मैद्याचा पाव, बटाटा, बेसन, तेल, मीठ. चटणीतल्या लसणाला आम्ही औषध समजायचो.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिते तेव्हा काही गोष्टी सोयीस्कर गाळते, तेवढ्या इथे लिहून टाकते. इंग्लंडमधले सुमारे ६४ टक्के प्रौढ प्रमाणापेक्षा जाड आहेत. गरीब वस्तीत टेकअवेची दुकानं जास्त आणि तिथल्या पोरांमध्ये लठ्ठपणाही जास्त. ट्रान्स फॅटवर, म्हणजे वनस्पती तुपातून येणाऱ्या त्या चिवट चरबीवर, भारताने २०२२च्या जानेवारीपासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा घातली. ब्रिटनने असा कायदा केलाच नाही, उद्योगांच्या स्वखुशीवर सोडून दिलं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम भारताने २०२०मध्ये केला. महाराष्ट्राने तर २०१७मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायचा आदेश काढला होता. तेव्हा अपमान कसा कुणाला वाटला नाही? आदेश कागदावर राहणार याची खात्री असली की कुणाचाच अपमान होत नाही.

ग्रुपचा एक मुद्दा मला पटतो. वडा डोळ्यांसमोर तळला जातो, तो कारखान्यातून पाकिटात बसून येत नाही. अमेरिकेत २०१९मध्ये २० माणसांना आळीपाळीने दोन-दोन आठवडे कारखान्यातलं आणि घरगुती पद्धतीचं जेवण दिलं. साखर, चरबी, मीठ दोन्हींत सारखंच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातलं जेवण समोर असताना माणसं रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तेव्हा ताज्याचा अभिमान खोटा नाही. पण कढईतलं तेल? भारतात तळणीच्या तेलाची मर्यादा ठरलेली आहे : वारंवार तापून तेल बिघडलं की वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, २०१८च्या जुलैपासून. आमच्या गाडीवर मात्र कालच्या तेलात आजचं तेल पडायचं आणि त्या काळपट कढईला आम्ही ‘चव मुरलीय’ म्हणायचो.

मला खरं डिवचतं ते ‘आपल्या पोटाला हे सोसतं’ हे वाक्य. कारण नेमकं उलट आहे, आणि ते कुणा गोऱ्याने नव्हे, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवलं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिनांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्याआधी त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना केली ती नेमकी साउदॅम्प्टनच्या बाळांशी. पुण्याकडची सरासरी २.७ किलोची, इकडची ३.५. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, फक्त त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. हडकुळी दिसणारी, पण चरबी घेऊनच जन्मलेली. म्हणून तर दक्षिण आशियाई लोकांसाठी इथले डॉक्टर बीएमआय २३ झाला की सावध होतात, गोऱ्यांसाठी २५ला.

माझी मुलगी इथल्याच इस्पितळात जन्मली. दाईने वजन सांगितलं आणि माझ्या डोक्यात आधी तो अभ्यास आला, मग आनंद. इकडच्या सरासरीत हिला धरायचं की तिकडच्या, असा विचार मी त्या पलंगावर खरोखर केला होता.

गेल्या वर्षी माझाच रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज, ४४. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दवाखान्यातल्या नर्सने अगदी प्रेमाने, पुढे वाकून, एक माहितीपत्रक दिलं. माझ्यासारख्यांसाठी खास बनवलेलं. मुखपृष्ठावर साडीतली बाई, आत समोसा, भजी, जिलबी, त्यांच्यावर लाल फुली. खाली हिरव्या चौकटीत डाळ आणि चपाती, जणू मला ती नव्याने भेटत होती. आणि मला राग आला. भयंकर. मी आठवड्यातून तीनदा दुपारी सुपरमार्केटचं मील डील खाते, कोरडं सँडविच, क्रिस्प्स म्हणजे बटाट्याचे वेफर्स, आणि सरबत. त्याचा पत्रकात उल्लेखसुद्धा नव्हता. तुझ्या क्रिस्प्सवर फुली कुठेय, बाई, असं ओठांवर आलं होतं. मी ‘थँक यू, दॅट्स रिअली हेल्पफुल’ म्हणून उठले.

बसमध्ये लक्षात आलं, की मामेभावाचंच वाक्य मी मनात इंग्रजीत म्हटलं होतं. तेव्हापासून ग्रुपवर माझा आवाज थोडा बसलाय. माझं म्हणणं बदललेलं नाही. फलक लागायलाच हवेत. फक्त ते डोंबिवलीत, मराठीत, आपल्या माणसाने लावलेले मला हवेत. आणि हे हवं म्हणायचा हक्क मला राहिलाय का, याची खात्री नाही. भारतात गेले की वहिनी ताट वाढताना विचारते, ‘तुला चालेल ना गं हे?’ काळजीनेच विचारते. पण हा प्रश्न पाहुण्याला विचारतात. म्हणून मी दोन वडे खाते, वर तळलेली मिरची. मिठाशिवाय भात खायला सांगितलं असतं तरी तो खाल्ला असता, पण ‘नको’ म्हणाले नसते. ‘नको’ म्हटलं की मी तिथली झाले.

मागच्या महिन्यात वहिनीचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, बाजूला. दादाच्या रिपोर्टचा फोटो. एचबीए१सी ६.२. ‘हे जास्त आहे का गं? मी विचारलं असं यांना सांगू नकोस.’ दोन देशांची मापं वेगळी, पण ६.२ म्हणजे माझे ४४च. मी तिला लिहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, रात्रीच्या जेवणानंतर चाला, संध्याकाळचा वडा आठवड्यातून एकदा. तिने हात जोडले आणि लिहिलं, ‘तुझं बरंय बाई, तिथे सगळं हेल्दी.’ माझा आकडा मी तिला सांगितला नाही.