पाच एचपीची मोटर

परवा घरच्या ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं, 'गोऱ्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला, आता आम्हाला कर्ज देऊन सोलर शिकवतात. तुमचं हवामान तुम्हीच सांभाळा.' खाली चार अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या दादाचा.

इथे जर्मनीत, कोलोनच्या ट्राममध्ये मी उत्तर लिहायला घेतलं आणि दोन थांबे पुढे गेलो.

मुद्दा अर्धा खरा, म्हणूनच जास्त झोंबला. 2022 साली जर्मनीने भारताला 2030 पर्यंत किमान दहा अब्ज युरो कबूल केले. त्यात कर्जच जास्त. साक्रीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्पही इथल्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातला. आणि शिकवणारे कोण? जानेवारी 2023 मध्ये माझ्या घरापासून तासाभरावरचं ल्युट्झेराट गाव पोलिस लावून रिकामं केलं, खालचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, काढायला. तीन महिन्यांनी उरलेल्या तीन अणुभट्ट्याही बंद. कोळसा सोडायला मात्र 2038 पर्यंत मुदत.

पण म्हणून सोलर गोऱ्यांचं कसं झालं? शेतीपंपांना आलटून पालटून रात्रीची वीज काय बर्लिनहून सुटते? दादा बॅटरी घेऊन मध्यरात्री दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला जातो, पायाखाली साप की काडी कळत नाही. दिवसा वीज द्या, ही मागणी आपल्याच शेतकऱ्यांची, आणि सरकारची सौर कृषी वाहिनी योजना तेवढ्यासाठीच आहे. सूर्य दिवसाच असतो, बाबांनो! उजाला योजनेत 36 कोटींवर एलईडी बल्ब वाटले गेले, तेव्हा कोणाचा स्वाभिमान दुखावला नव्हता. जुना पंखा 75 वॉट खातो, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, तिशीत भागवतो. वाचलेलं बिल काय गोऱ्याच्या खिशात जातं?

एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण शेवटी ठोकलंच, 'आमच्याकडे तर बाल्कनीतसुद्धा 800 वॉटचं पॅनेल कोणीही लावतं. मीही लावलंय.'

'आमच्याकडे' कधी लिहून गेलो ते मला कळलंच नाही. बारा वर्षांपूर्वी 'तिकडे' लिहायचो. आणि गेल्या दोन हिवाळ्यांत, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, मी एकदाही गावी गेलेलो नाही.

दादाला कळलं. रात्री दहाला त्याचा निरोप आला, म्हणजे तिथे अडीच वाजलेले, दारं धरणं चालू असणार.

'विहिरीवरची मोटर पाच एचपीची आहे. तुमच्याकडचं पॅनेल जेमतेम एका एचपीचं. बाकीचे चार बसवायला कधी येतोस?'